जमील मोमीनचे इंग्रजी

जमील मोमीन या कार्तिकात वारला. मालेगावच्या कब्रस्तानात त्याला पुरले. मी पोचलो तेव्हा माती टाकून झाली होती. त्याच्याविषयी कोणी काही लिहावे असे त्याने काही केले नव्हते. तो विणकराचा मुलगा. देवळालीच्या लष्करी बाजारात एका कापडाच्या दुकानात त्याने काही महिने काम केले. मी त्याला इंग्रजी शिकवले. एवढेच.

आमची ओळख नाशकात वाचनालयात झाली. पुण्याहून बी. ए. होऊन मी घरी आलो होतो. इंग्रजी वाङ्मय हा माझा विषय. नोकरी नव्हती. सकाळी शिकवण्या करीत असे आणि दुपारी वाचनालयात बसत असे. एके दिवशी एक उंच, हाडकुळा तरुण माझ्या टेबलापाशी आला. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रातली एका कापडाच्या दुकानाची जाहिरात त्याने माझ्यापुढे ठेवली आणि त्यातली एक ओळ समजावून द्याल का, असे विचारले. तो इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेला होता. अक्षरे त्याला येत, शब्द येत, पण वाक्य त्याच्या हातात येत नसे. मी ओळ सांगितली. त्याने ती मनात घोकली, आभार मानले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसून बराच वेळ खोकला.

पुढे कळले की खोकल्यामुळेच तो इकडे आला होता. हातमाग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणणारा खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसतो. खड्ड्यात ओल असते. जमील लहानपणापासून त्या ओलीत बसला. मालेगावच्या हकिमाने त्याच्या वडिलांना सांगितले की मुलगा जगायला हवा असेल तर त्याला मागावरून उठवा. वडील फारुखचाचा म्हणाले, उठवतो, पण बसवू कुठे? शेवटी नाशकातल्या मामाने देवळालीत पेस्तनजी शेठच्या दुकानात शब्द टाकला. देवळालीची हवा चांगली. मुंबईचे लोक तिथे छाती सुधारायला येऊन राहतात.

दुकान मोठे होते. गिऱ्हाईक बहुतेक लष्करातले, साहेब आणि त्यांच्या मडमा. जमीलला काम मिळाले ते कापडाचे तागे उचलून आणायचे. ते हंगामी काम. उन्हाळ्यात मडमा डोंगरावर गेल्या की दुकान अर्धे रिकामे होई आणि तागे उचलणाऱ्यांना रजा मिळे. पण काउंटरवर एका माणसाची जागा होणार होती, ती बारमाही. शेठने त्याला सांगितले होते की नाताळपर्यंत इंग्रजी नीट बोलू लागलास तर जागा तुझी. ती मिळाली तर जमील देवळालीत राहणार होता, बायकोला, हुस्नबानोला, आणणार होता. नाही मिळाली तर पुन्हा खड्डा. तिसरी वाट नव्हती. त्याने हे मला पहिल्याच आठवड्यात सांगितले, हसत सांगितले.

शेठचे इंग्रजी विशिष्ट होते. त्यांच्या दुकानात नोकराने 'मी' म्हणायचे नाही. मी धुतले, मी शिवले, मी पाठवतो, असे काही नाही. धुतले गेले आहे. शिवले जाईल. संध्याकाळपर्यंत पोचवले जाईल. आणि बाईंना काही बदल हवा असेल तर, 'आय शॅल हॅव इट ऑल्टर्ड, मॅडम.' म्हणजे मी ते बदलवून घेतो. या शेवटच्या वाक्यातला 'मी' तेवढा शेठना चालत असे, कारण त्यात काम दुसरा करतो. ते जमीलला म्हणाले होते, "जो दीकरा, बघ, मॅडमला तुझी कथा नको. काम होऊन जाईल, एवढंच तिला ऐकायचं असतं."

तर कर्मणी आणि प्रयोजक, हे दोन प्रयोग आम्ही धरून बसलो. मी शाळेत ते व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलो होतो. तिथे राजाकडून चोर मारला जात असे. जमीलला राजाचा उपयोग नव्हता. त्याला कॉलर, बाही, अस्तर, बटणे, फ्लॅनेल, पॉपलीन हवे होते. मी दुकानाचे शब्द गोळा केले आणि प्रत्येक शब्द त्या दोन प्रयोगांतून फिरवला. कॉलर उलटवली जाते. बाही आखूड करवून घेतली जाते. अस्तर बदलवून दिले जाते. जमील म्हणाला, "गोरख, आमच्या घरात हे असलं वाक्यच कोणी बोललेलं नाही. करवून घेणार कोणाकडून? सूत आम्हीच उकलायचं, खळ आम्हीच लावायची, विणायचं आम्हीच. मालेगावात तुझं व्याकरण भुकेनं मरेल."

बुधवारी त्याला दुपारनंतर सुटी असे. बुधवार नाशकाच्या बाजाराचा दिवस. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पात्राकडेला पालांची रांग लागते. आम्ही त्या रांगेतून इंग्रजी बोलत हिंडत असू. एकाने गिऱ्हाईक व्हायचे, एकाने दुकानदार. लोक बघत. कुसाबाई म्हणून एक मखमलाबादची भाजीवाली होती, आमच्या घरी तिचीच भाजी येई. ती एकदा हात कमरेवर ठेवून ऐकत राहिली आणि मग मला म्हणाली, "काय रं गोरख, ह्यो तुझा साहेब काय म्हनतो?"

मी सांगितले की तो म्हणतो, ही वांगी आज पहाटे तोडली गेली आहेत आणि स्वच्छ धुतली गेली आहेत.

"कुनी तोडली?" कुसाबाई म्हणाली. "म्या तोडली. धुतली बी म्याच. माझं नाव घ्यायला त्येची जीभ झिजती काय?"

जमील इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. मग खोकला आला. कुसाबाईने त्याला आपल्या तांब्यातले पाणी दिले, वरून ओंजळीत ओतले, आणि सांगितले की असल्या छातीच्या माणसाने इंग्रजी बोलू नये, मराठीच बोलावी, तिला दम कमी लागतो. नंतर दर बुधवारी ती त्याला हाक मारून विचारी, "काय साहेब, आज काय काय झालं म्हनं आपोआप?"

पावसाळा गेला. थंडी पडली. जमीलचा खोकला कमी झाला. मग थांबला. गालांवर थोडे मांस आले. तो मामाच्या घरच्या आरशासमोर उभा राहून बोलत असे, असे मामी सांगत. त्याच्या उच्चारात मालेगाव होते, ते गेले नाही, पण वाक्य कुठे अडखळेना. माझ्याबरोबर पुण्याला जी मुले बी. ए. झाली त्यांतल्या कित्येकांपेक्षा तो नीट बोलत होता, कारण त्याला जेवढे हवे तेवढेच तो शिकला होता आणि तेवढे पुरते शिकला होता. नाताळच्या गर्दीत शेठने त्याला दोनदा काउंटरवर उभे करून पाहिले. मडमा खूष होऊन गेल्या. शेठ म्हणाले, नवे वर्ष लागले की उभा राहा.

त्या पहिल्या सकाळी मी सायकलवर देवळालीला गेलो. त्याला काउंटरवर पाहायचे होते. धुके अजून उतरलेले नव्हते. दुकान नुकतेच उघडले होते. जमीलने पांढरा कोट घातला होता, इस्त्रीचा. मला पाहून त्याने ओळख दाखवली नाही, फक्त भुवई उचलली. मी दाराजवळच्या बाकावर बसलो. शेठ आत गल्ल्यावर होते.

पहिले गिऱ्हाईक एक तरुण मडम. एकटीच आली. हातमोजे घातलेले, टोपी नीट. ती सरळ काउंटरकडे गेली आणि तिने पांढरी मलमल मागितली, बारीक पोताची. जमीलने तागा काढला, उलगडला, कापड हाताच्या पाठीवर घेऊन उजेडात धरले. दोघे इंग्रजीत बोलत होते. त्याचे एक वाक्य मी ऐकले आणि मनात म्हणालो, शाबास. तिला किती हवे ते तिने सांगितले. त्याने गजाने मोजले आणि कात्री उचलली. त्याने विचारले, शिवून हवे असेल तर दुकानात शिवून घेतले जाईल, झालर लावून घेता येईल. कशासाठी हवे आहे?

हे विचारायची रीत शेठनेच घालून दिली होती.

ती म्हणाली, पेटीच्या आत लावायला. आवाज अगदी एकसारखा होता, जणू पडद्याचे माप सांगत होती. माझ्या लहान मुलाला आज संध्याकाळी पुरले जाणार आहे.

जमीलला सगळे समजले. समजले नसते तर बरे झाले असते. त्याने कात्री खाली ठेवली.

मयताच्या कापडाला कात्री लावीत नाहीत. जमीलच्या लोकांत लावीत नाहीत आणि आमच्या खेड्यांतही नाही. ते हाताने फाडतात. त्याचा भाव करीत नाहीत. मालेगावात मोहल्ल्यात कोणी गेले की माणसे विणकरांच्या दारी येतात, आणि विणकर कापड फाडून देतो, काही बोलत नाही. जमीलने हे बापाला करताना पाहिले होते, स्वतः केले होते. लहान मूल असले तर फाडणारा आधी डोके झाकून घेतो.

त्याने खिशातून टोपी काढून डोक्यावर घातली. कापडाची कड दातात धरून चावली. मग दोन्ही हातांनी ताणून एका दमात आडवे फाडले. नवी मलमल फाटताना मोठा आवाज होतो. रिकाम्या दुकानात तो फारच मोठा झाला.

मडम मागे सरकली. तिचा हात तोंडावर गेला. ती जमीलच्या दातांकडे पाहत होती. जमीलने फाडलेले कापड दोन्ही तळहातांवर घेऊन तिच्यापुढे धरले, मान खाली घालून. तिने ते घेतले नाही. तिच्या घशातून आवाज निघाला तो शब्द नव्हता. ती वळली आणि माझ्या पुढून बाहेर गेली. टांगा उभा होता, त्यात तिला चढता येईना. टांगेवाल्याने तिला हात दिला.

शेठ गल्ल्यावरून उठून आले. त्यांनी जमीलच्या हातातले कापड पाहिले, डोक्यावरची टोपी पाहिली. ते म्हणाले, "मूल मेलं काय?" जमीलने मान हलवली. शेठने स्वतःच्या डोळ्यांवरून हात फिरवला आणि त्याला आत गोदामात जाऊन बसायला सांगितले.

थोड्या वेळाने तिचा नवरा आला. मेजर होता. कापड तर हवेच होते. शेठने दुसऱ्या ताग्यातून स्वतः मोजून कात्रीने कापले, कागदात बांधले. मेजर दाराकडे पाहत उभा होता. मग मी उठलो. मी त्याला इंग्रजीत सगळे सांगितले. हे कापड आमच्याकडे कसे दिले जाते, का फाडतात, टोपी कशासाठी. पाच वर्षे मी ज्या भाषेत कविता वाचल्या त्या भाषेत मी त्याला सांगितले. त्याने मध्ये एकदाही अडवले नाही. गोदामाचे दार उघडेच होते.

माझे बोलणे संपल्यावर तो म्हणाला, "मला समजले. त्याने माझ्या मुलाला मान दिला. त्याला माझे आभार सांगा. पण माझ्या बायकोने तो आवाज ऐकला आहे. आम्हाला अजून वर्षभर इथे राहायचे आहे, आणि इथे बाजार एवढाच आहे. तो माणूस तिला पुन्हा दिसता कामा नये."

शेठ म्हणाले, "येस, सर."

मेजरने पुडके काखेत धरले आणि तो गेला. तो रागावलेला नव्हता. 

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांनी जमीलला जवळ बसवून चहा पाजला आणि सांगितले की तू काय केलेस ते मला ठाऊक आहे, मीही तेच केले असते, निदान माझ्या आजाने केले असते. पण पलटणीचे लोक आले नाहीत तर हे दुकान उद्या बंद. जमील म्हणाला, "हां, शेठ." पांढरा कोट काढून त्याने घडी घातली, बाह्या आत घेऊन, दुकानात विकायचा असावा तशी.

मी सायकल हातात धरून त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत चाललो.  

नंतर आम्ही प्रयत्न केले. देवळालीतल्या दुसऱ्या दुकानांत मजकूर आधीच पोचला होता, आणि पोचताना बिघडला होता. कोणी म्हणे, त्याने मडमेच्या अंगावर कापड फेकले. नाशकातल्या कापडवाल्यांना इंग्रजी नको होते, आणि त्यांची आपली माणसे होती. मी शाळेच्या शिपायाच्या जागेसाठी एका ओळखीच्या हेडमास्तरांना भेटलो. त्यांनी मला आदराने बसवले, माझ्या वाचनाची चौकशी केली आणि जागा भरली आहे असे सांगितले. होळीच्या सुमारास जमील मालेगावला परत गेला.

आषाढात मी त्याला भेटायला गेलो. मालेगावी साड्यांचे गठ्ठे नेणारा बहिरू लॉरीवाला माझ्या ओळखीचा, त्याच्या शेजारी बसून गेलो. जमीलचे घर म्हणजे दोन खोल्या, पुढच्या खोलीत दोन माग. तो खड्ड्यात बसला होता. पाय मागाच्या पावड्यांवर, हातात धोटा. कमरेच्या वरचा जमील मला दिसत होता, आणि त्यातलाही पुष्कळसा गेला होता. भिंतीला ओल होती. पडद्यामागे हुस्नबानो सुताच्या कांड्या भरीत होती, तिच्या चाकाचा आवाज येत होता. फारुखचाचा बाजाराला गेले होते.

तो विणत विणतच बोलला. कुसाबाई कशी आहे, विचारले. ती तुला दर बुधवारी विचारते, असे मी सांगितले. तो हसला नाही, हसला असता तर खोकला आला असता, हे मला नंतर कळले. मग त्याने विचारले की त्या मॅडम बाजारात येतात का. मी म्हटले, मी त्यानंतर देवळालीला गेलेलो नाही.

"येत असतील," तो म्हणाला. "आता त्यांना यायला हरकत नाही."

मी त्याला म्हटले की काही दिवस माझ्याकडे येऊन राहा, हवा बदल. त्याने मागाकडे हात केला. साडी अर्धी झाली होती. ती संपली की दुसरी लागणार होती.

मग तो थांबला. धोटा मांडीवर ठेवला. म्हणाला, "कात्री हातात होती, गोरख. मला नोकरीही आठवत होती. ती मुलाचं बोलली, आणि कात्री चालवायची म्हटलं तर हात चालेना." धोटा मांडीवर फिरवीत म्हणाला, "पुन्हा झालं तरी असंच होईल. म्हणून मी शेठशी भांडलो नाही."

पडद्यामागचे चाक थांबले होते. हुस्नबानोने आतून विचारले की पाहुणे जेवणार ना. जमीलने धोटा उचलला. त्या दिवशी आम्ही इंग्रजीतला एक शब्दही बोललो नाही.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी बहिरूने आमच्या दारापुढे लॉरी उभी केली. तो खाली उतरला नाही. वरूनच म्हणाला, "तुमचा तो मालेगावचा दोस्त गेला बघा काल. चला, मी तिकडंच चाललोय." मी अंगावरच्या कपड्यांनिशी चढलो. चांदवडचा घाट चढल्यावर बहिरूने मला विडी दिली. मी विडी ओढीत नाही. ओढली.

घरात माग बंद होते. हुस्नबानो आतल्या खोलीत होती, नवरा गेल्यावर पाळायच्या रीतीप्रमाणे तिला आता काही महिने बाहेर यायचे नव्हते. बायकांचे बोलणे ऐकू येत होते. पुढच्या खोलीत फारुखचाचा चटईवर बसले होते. जमीलचा धाकटा भाऊ रियाज मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसला होता, पाय आत सोडून. तो जमीलसारखाच उंच आहे. सध्या त्याचे लग्न ठरते आहे.

चाचांनी मला जवळ बसवले. माझा हात धरला. ते माझ्यापेक्षा कितीतरी मोठे, पण त्या दिवशी ते माझ्याशी एखाद्या अपराध्यासारखे बोलत होते.

"बेटा, तुम्ही फार मेहनत घेतली त्याच्यावर," ते म्हणाले. "त्याचंच डोकं कमी पडलं. माफ करा त्याला. घरी येऊन तो बोलला, अब्बा, इंग्रजी जमली नाही, चूक झाली बोलताना, म्हणून शेठनं काढलं. मी त्याला तेव्हा रागावलो. एवढा शिकलेला माणूस फुकट शिकवतो आणि तुला जमत नाही, असं मी त्याला बोललो."

 जमीलने बापाला खरे सांगितलेच नव्हते, मामालाही सांगू दिले नसावे. बापाकडून शिकलेल्या गोष्टीने नोकरी गेली, हे बापाला कसे सांगायचे, असे त्याला वाटले असेल. किंवा त्या बाईला घरातले लोक वाईट म्हणतील, असे वाटले असेल. मला माहीत नाही. मी त्याला विचारले नव्हते आणि आता विचारता येणार नव्हते. तो सात-आठ महिने या खोलीत बसून विणत राहिला आणि बापाची बोलणी ऐकत राहिला.

मी म्हणालो, "चाचा, त्याचे इंग्रजी फार चांगले होते."

त्यांनी माझ्या हातावर थोपटले. गेलेल्या माणसाविषयी लोक चांगलेच बोलतात, हे त्यांना ठाऊक होते. ते म्हणाले, "तुमचा मोठेपणा." आणि मग त्यांनी रियाजकडे पाहिले.

"हा हुशार आहे. चौथी पास आहे. याला घेऊन जा. जमीलला जे शिकवलं तेच याला शिकवा, पण कडक शिकवा, चुकला तर मारा. याची छाती अजून साफ आहे."

रियाज खड्ड्यातून पाय काढून उभा राहिला होता. आतल्या खोलीतले बोलणे थांबले होते. ते सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते, आणि मी खरे काय झाले ते सांगण्यासाठी तोंड उघडले. सांगितले असते तर त्यांना कळले असते की मुलगा चुकला नव्हता. आणि हेही कळले असते की रियाजही त्याच घरातला आहे, त्याचाही हात तिथेच थांबेल.

मी म्हणालो, पाठवून द्या.

तो परवा येतो आहे.